चिकटलेला कॅलिपर: जुन्या गाडीचा डिस्क ब्रेक घरीच खोलून बसवणे

पावसाळाभर कव्हरखाली उभी असलेली जुनी गाडी दसऱ्याच्या पूजेला बाहेर निघते आणि चार-पाच किलोमीटरांतच एका चाकातून जळका वास येऊ लागतो. त्या चाकाची रिम हात लावू देत नाही, बाकीची तीन थंड असतात. गाडी न्यूट्रलला टाकली तरी घरंगळत नाही. अशा वेळी बहुतेक ठिकाणी पॅड बदलून देतात आणि महिन्याभरात तीच तक्रार परत येते, कधी आधीपेक्षा जास्त. कारण दोष पॅडमध्ये नसतोच. तो डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या आत, पिस्टनभोवतीचं चौकोनी सील ज्या खाचेत बसतं त्या खाचेत असतो. कॅलिपर दुरुस्तीचं खरं काम तेवढ्या तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या खाचेत आहे. रंगरंगोटी, नवे बोल्ट, चकचकीत प्लेटिंग हे सगळं त्यानंतर.

पद्मिनी आणि ॲम्बेसेडर बहुतेक करून ड्रम ब्रेकवरच धावल्या, त्यांच्या व्हील सिलिंडरचं काम वेगळं आहे. इथे लिहिलंय ते जुनी मारुती ८००, जिप्सी अशा गाड्यांच्या पुढच्या, एका पिस्टनच्या फ्लोटिंग कॅलिपरबद्दल, म्हणजे जो स्लाइड पिनांवर आडवा सरकतो त्याबद्दल. डब्ल्यू १२३ मर्सिडीज किंवा जुन्या इंग्रजी गाड्यांवर समोरासमोर पिस्टन असलेला फिक्स कॅलिपर असतो. तिथे जे वेगळं करावं लागतं ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे. हँडब्रेकची यंत्रणा ज्यात बसवलेली असते त्या मागच्या कॅलिपरला ही पद्धत लावू नका. त्याचा पिस्टन आत स्क्रूवर असतो आणि दाबून ढकलला तर आतलं बिघडतं.

सील नेमकं करतं काय

ब्रेक दाबला की पिस्टन बाहेर सरकतो. सील पिस्टनला घट्ट धरून असतं, त्यामुळे ते जागच्या जागी थोडं वाकतं. पाय काढला की वाकलेलं सील सरळ होतं आणि पिस्टनला मिलिमीटरच्या एखाद्या अंशाने मागे ओढतं. डिस्क ब्रेकमध्ये पिस्टन मागे घेणारी वेगळी स्प्रिंग नसते. हे रबरच ते काम करतं. पॅड झिजत गेला की पिस्टन सीलमधून थोडा पुढे घसरतो आणि नव्या जागेवरून पुन्हा तेच चालू होतं.

आता खाचेच्या तळाशी गंज आणि जुन्या ब्रेक ऑइलचा राखाडी थर साचला की सीलला मागून धक्का बसतो. ते आत फुगतं, पिस्टनला आवळतं, आणि सरळ होऊन मागे ओढण्याइतकी मोकळीक त्याला राहत नाही. ब्रेक लागतो, सुटत नाही.

नवे पॅड टाकल्यावर तक्रार वाढते त्याचंही कारण इथेच आहे. पॅड झिजलेले असताना पिस्टन बराच बाहेर आलेला असतो आणि त्याचा बाहेरचा भाग फाटक्या बुटाखाली (पिस्टनच्या तोंडावरच्या रबरी धूळटोपीखाली) ओल खात गंजतो. जाड नवे पॅड बसवण्यासाठी तोच गंजलेला भाग आपण सी क्लॅम्पने दाबून सीलखाली नेतो. मग सील कापलं जातं नाहीतर पिस्टन अडकतो.

खोलण्याआधी: दोष कॅलिपरचाच आहे का?

गाडीचा पुढचा भाग जॅकने उचलून घोडीवर ठेवा, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड किंवा विटा लावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. पेडल तीन-चार वेळा दाबून सोडा आणि चाक हाताने फिरवा. पॅड डिस्कला हलकंसं घासल्याचा आवाज चालतो. चाक जड फिरत असेल तर ब्लीडर निपल, म्हणजे हवा काढायचा कॅलिपरवरचा छोटा पोकळ स्क्रू, पाव फेरा सैल करा.

निपल उघडताच ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं, तर आत दाब अडकला होता. दोष कॅलिपरचा नाही. जुन्या होज पाइपचं आतलं अस्तर फुगलं की ऑइल पायाच्या जोराने पुढे जातं, पण परत येत नाही. बाहेरून होज ठणठणीत दिसतो. पुढच्या वेळी चाक जाम झालं की निपलऐवजी मास्टर सिलिंडरपाशी (पेडलचा जोर ऑइलला देणारा सिलिंडर) लाइनचा नट सैल करून पाहा. तिथे सैल केल्यावर चाक सुटलं तर मास्टर सिलिंडर किंवा पेडलचा फ्री प्ले (सुरुवातीची मोकळी चाल) तपासा. तिथे सुटलं नाही आणि निपलला सुटलं, तर होज बदला. दोन्ही चाकं एकदम जाम होत असतील तर संशय आधी मास्टरवर घ्या.

निपल उघडूनही चाक तसंच जड राहिलं, तर कॅलिपर खोलायला घ्या. फ्लोटिंग कॅलिपरचा आतला आणि बाहेरचा पॅड कमीजास्त किंवा तिरका झिजला असेल तर स्लाइड पिना अडकल्यात. दोन्ही पॅड सारखेच, पण दुसऱ्या चाकापेक्षा फार जास्त झिजलेत, तर पिस्टन अडकलाय. धावताना, पाय ब्रेकवर नसताना गाडी ज्या बाजूला ओढते तिकडचं चाक चिकटतंय. ब्रेक मारल्यावरच ओढत असेल, तर ओढते त्याच्या विरुद्ध बाजूचा कॅलिपर काम करत नाही. ही दोन लक्षणं एकमेकांत गुंतवून चांगल्या बाजूचा कॅलिपर खोलून बसणारे बरेच असतात.

सामान, आणि कोणत्या महिन्यात

दुकानात दोन प्रकारची किट मिळतात. मायनर किटमध्ये नुसतं रबर असतं, मेजर किटमध्ये पिस्टनही. मारुती आणि जिप्सीची किट नागपुरात घाट रोडच्या स्पेअरच्या दुकानांतून सहज मिळावीत. मर्सिडीज किंवा इंग्रजी गाडीसाठी मॉडेलचं नाव सांगून भागत नाही. एकाच गाडीवर वेगवेगळ्या कंपनीचे कॅलिपर आलेले असतात, म्हणून कास्टिंगवर आटे (ATE), गर्लिंग, बेंडिक्स यांपैकी कुणाची खूण आहे ते बघा, पिस्टनचा व्यास व्हर्नियरने मोजा, आणि मगच मागवा. काम नेहमी दोन्ही बाजूंचं करा. एकाच बाजूचं केलं तर गाडी ब्रेकला ओढणारच.

किटखेरीज लागेल ते असं: सीलबंद डॉट ४ ब्रेक ऑइल एक लिटर (अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या बऱ्या), बँजो बोल्टसाठी (होज कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) नवे तांब्याचे वॉशर प्रत्येक होजला दोन, ब्रेकसाठीच असलेलं सिलिकॉन ग्रीस, ब्रेक क्लीनर किंवा स्पिरिट, १५०० नंबरचा वॉटर पेपर, नायलॉनचा ब्रश, बांबूच्या काड्या, माशांच्या टाकीला लावतात तशी पारदर्शक नळी, आणि टॉर्क रेंच. होज दहा वर्षांपेक्षा जुने असतील तर तेही याच वेळी बदला. पुन्हा हवा काढायची दगदग वाचते.

पेट्रोल, रॉकेल, डिझेल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस यांतलं काहीही आतल्या रबराला लागू देऊ नका. डॉट ३ आणि डॉट ४ ला चालणारं रबर खनिज तेलात फुगतं, मऊ पडतं, आणि दोन आठवड्यांनी ब्रेक पुन्हा चिकटतो. रॉकेलच्या डब्यात कॅलिपर बुडवून धुणाऱ्या मिस्त्रीकडून काम करून घ्यायचं असेल, तर त्या डब्यात फक्त रिकामं कास्टिंग जाऊ द्या. आणि तेही नंतर स्पिरिटने धुऊन घ्या.

स्वस्त किटच्या रबराबद्दल शंका असेल तर सोपी परीक्षा आहे. व्हर्नियरने मोजलेला एक बूट ब्रेक ऑइलच्या झाकणबंद डबीत दोन दिवस बुडवून ठेवा आणि पुन्हा मोजा. ठळक फुगला किंवा चिकट झाला तर ते किट परत करा.

या कामाला नागपुरात सगळ्यात चांगला काळ एप्रिल-मे. ऊन नको होतं हे खरं, पण हवा कोरडी असते, धुतलेलं कास्टिंग दहा मिनिटांत वाळतं आणि रंग एका दुपारी कडक होतो. जुलैत तेच उघडं बीड (कास्ट आयर्न) तासाभरात लाल पडतं. फक्त काम कूलरच्या झोतात करू नका. कूलरची हवा ओली असते, आणि डॉट ३, ४ आणि ५.१ ही ऑइलं हवेतली ओल पितात. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओल पिऊन तोच १५५ पर्यंत उतरतो. डॉट ३ चे आकडे २०५ आणि १४० आहेत. त्यामुळे बाटली ओतायच्या वेळीच उघडा, लगेच बंद करा, आणि गेल्या वर्षीची अर्धी उरलेली बाटली सरळ बाद करा. जांभळट रंगाचं सिलिकॉनचं डॉट ५ हे वेगळंच प्रकरण आहे, ते डॉट ४ मध्ये मिसळायचं नसतं. नाव एका आकड्याने जुळतं म्हणून घोटाळे होतात.

पिस्टन बाहेर काढणे

आधी कॅलिपर बाहेरून ब्रश, साबण आणि पाण्याने धुऊन वाळवा. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून भुकटी हवेने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि तोंडाला मास्क लावा.

होज लगेच काढायची घाई करू नका. पिस्टन बाहेर ढकलायला गाडीचं पेडलच सगळ्यात उत्तम हत्यार आहे. कॅलिपर ब्रॅकेटवरून सोडवा, पॅड काढा, पिस्टनसमोर लाकडाचा तुकडा ठेवा म्हणजे तो पूर्ण निसटून पडणार नाही. निपल बंद, रिझर्व्हॉयर (ब्रेक ऑइलचा डबा) भरलेला. मग कुणाला तरी पेडल हळूहळू दाबायला सांगा. पिस्टन लाकडाला टेकला की दुसऱ्या बाजूलाही तेच करा. दोन्ही पिस्टन जेमतेम सीलच्या पकडीत राहिले की होज काढा आणि पिस्टन हाताने फिरवत ओढून घ्या. होज तार किंवा दोरीने वर बांधून ठेवा. कॅलिपर होजवर लोंबकळू देऊ नका, आणि गळती थांबवायला होज पकडीने आवळू नका. आतलं अस्तर फाटतं. त्यापेक्षा पेडल तीन-चार सेंटिमीटर दाबून सीट आणि पेडलच्या मध्ये काठी अडकवा. मास्टर सिलिंडरमधलं भोक बंद होतं आणि ऑइल टपकायचं थांबतं. ब्रेक लाइट चालू राहील, म्हणून बॅटरीची तार काढा.

टायरवाल्याच्या कंप्रेसरची हवा सात-आठ बार दाबाची असते. पायाने जोरात दाबलेलं पेडल त्याच्या कितीतरी पट दाब देतं आणि तरीही पिस्टन उडत नाही, कारण ऑइल हवेसारखं दबून फुसकन सुटत नाही. हवेने काढलेला पिस्टन गोळीसारखा येतो आणि त्याच्या वाटेत बोट असेल तर ते मोडतं. कॅलिपर आधीच काढून बसला असाल आणि हवेशिवाय गत्यंतर नसेल, तर पायाने मारायचा टायर पंप वापरा, समोर जाड लाकूड ठेवा आणि बोटं लांब.

फिक्स कॅलिपरमध्ये मोकळा पिस्टन आधी बाहेर येतो आणि अडकलेला तिथेच राहतो. मोकळ्याला लाकडी पट्टी आणि सी क्लॅम्पने दाबून धरा, अडकलेला आधी हलवा. हा कॅलिपर दोन अर्ध्या भागांचा असतो. खरंच गरज नसेल तर ते भाग वेगळे करू नका. मधल्या ऑइलच्या वाटेला छोटी ओ रिंग असते. हार्डवेअरच्या दुकानातली साधी काळी ओ रिंग तिथे चालत नाही, ब्रेक ऑइलला चालणाऱ्या रबराचीच लागते. शिवाय जोडणारे बोल्ट जास्त ताकदीचे असतात आणि त्यांचा टॉर्क मॅन्युअलप्रमाणेच द्यावा लागतो.

निपल तुटणं हा या कामातला सगळ्यात मोठा वैताग. बारा कोनी रिंग पाना लावू नका. सहा कोनी गोटी लावा. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडा, निपलच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके द्या, आणि आधी किंचित आवळून मग सैल करा. तरीही हलला नाही तर पिस्टन आणि सील काढल्यावर, आतलं ऑइल पूर्ण निथळल्यावर, निपलभोवतीचं बीड तापवा. आत ऑइल असताना बंद कॅलिपर तापवणं धोक्याचं आहे. तुटलाच, तर घरी ड्रिल घेऊन झटू नका, लेथवाल्याकडे न्या.

खाच

सील आणि बूट बांबूच्या काडीने किंवा प्लॅस्टिकच्या विणायच्या सुईने उचकटा. पेचकस लावला आणि खाचेच्या कडेला ओरखडा पडला, तर तिथून ऑइल झिरपत राहील.

रिकाम्या बिडाच्या कॅलिपरला सायट्रिक ॲसिडची आंघोळ चांगली मानवते. किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणून मिळतं ते. एक लिटर कोमट पाण्यात ५० ते १०० ग्रॅम टाका, कॅलिपर पूर्ण बुडवा, चार-सहा तास ठेवा आणि मधूनमधून नायलॉनच्या ब्रशने घासा. रात्रभर विसरून जाऊ नका, चांगला धातूही खाल्ला जातो. ॲल्युमिनियमचा कॅलिपर किंवा क्रोमचा पिस्टन यात टाकायचा नाही. बाहेर काढल्यावर साध्या पाण्याने धुवा, खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात बुडवा, पुन्हा धुवा, आणि लगेच उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवा. वाळताक्षणी बोअर (पिस्टन ज्यात सरकतो ते भोक) आणि खाचेत स्वच्छ ब्रेक ऑइलचं बोट फिरवा, नाहीतर गंजाची नवी साय चढते.

मग टॉर्च लावून खाच बघा. तळ आणि दोन्ही कोपरे, सगळीकडे उघडा धातू दिसला पाहिजे. कोपऱ्यात उरलेला काळा पट्टा स्पिरिटमध्ये भिजवलेल्या बांबूच्या टोकाने खरवडा. त्याला वेळ लागतो, लागू द्या. बूट ज्या खाचेत बसतो तीही तशीच साफ करा. खात्री करायची असेल तर नवं सील खाचेत बसवून बोअरमध्ये वाकून पाहा. सील आतल्या बाजूला सगळीकडे सारखंच डोकावलं पाहिजे. एका ठिकाणी जास्त वर आलंय, म्हणजे त्याखाली अजून घाण आहे.

बोअरच्या भिंतीवर बारीक खड्डे दिसले तर लगेच घाबरू नका. या रचनेत ऑइल अडतं ते सील आणि पिस्टन यांच्यामध्ये; बोअरची भिंत सीलचं काम करत नाही. पिस्टन मोकळा सरकत असेल तर तुरळक खड्डे चालतात. व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडरमध्ये नेमकं उलट असतं, आणि तिथली होनिंगची, म्हणजे बोअर आतून घासून गुळगुळीत करण्याची, सवय मिस्त्री इथे आणतात. कॅलिपरचा बोअर होन करून मोठा केला तर पिस्टन आत डगमगतो. अपवाद सुरुवातीच्या जॅग्वार गाड्यांवरचे डनलॉप कॅलिपर: त्यांत सील पिस्टनवर असतं, म्हणून बोअर गुळगुळीत हवाच.

निपलच्या आणि होजच्या भोकांतून हवा मारून आतली वाट मोकळी आहे हे बघा. रंग द्यायचा असेल तर बोअर, खाचा, निपलची बैठक, बँजोचा चेहरा आणि पॅड सरकतो त्या जागा झाकूनच. हिंगणा एमआयडीसीत झिंक प्लेटिंगला द्यायचं ठरवलं तर बोअर रबरी बुचाने बंद करून द्या, आणि हे तोंडी न सांगता चिठ्ठी लावून.

पिस्टन

स्पिरिटने पुसून नखाने पृष्ठभाग चाचपा. नुसता डाग असेल तर १५०० चा पेपर ब्रेक ऑइलमध्ये भिजवून पिस्टनच्या घेराला धरून हलक्या हाताने फिरवा. नख अडकत असेल, किंवा क्रोमचा पापुद्रा सुटला असेल, तर पिस्टन बाद. खड्डा तोंडाजवळ आहे, सीलपासून लांब आहे, असं मनाला समजावू नका. नवे पॅड आले की तोच भाग सीलखाली जातो.

नवा पिस्टन मिळतच नसेल तर ३०४ किंवा ३१६ स्टेनलेसचा करून घेता येतो. गंजत नाही, आणि साध्या पोलादापेक्षा उष्णता कमी वाहून नेतो, त्यामुळे ऑइल थोडं कमी तापतं. पण लेथवरच्या फिनिशवर समाधान मानू नका. सिलिंड्रिकल ग्राइंडिंग आणि पॉलिश हवंच. जुन्या पिस्टनच्या न झिजलेल्या भागाचा व्यास मायक्रोमीटरने मोजा आणि दोन शतांश मिलिमीटरच्या आत माप जुळवून मागा. आत जाणाऱ्या टोकाची कड किंचित उतरती आणि गुळगुळीत हवी, धारदार राहिली तर बसवतानाच सील कापते. बुटाची खाच करायला कारागीर विसरतात. नमुन्याला जुना पिस्टन सोबत द्या.

जुळवणी

हात धुवा, स्वच्छ कागद अंथरा, पुसायच्या कॉटन वेस्टचे धागे आत जाऊ देऊ नका. सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बोटाने खाचेत बसवा आणि पीळ पडलेला नाही हे बोट फिरवून पाहा. बोअरला आणि पिस्टनलाही ऑइल लावा.

ज्या कॅलिपरमध्ये बुटाची बाहेरची कड बोअरच्या तोंडाच्या खाचेत जाते, तिथे बूट आधी पिस्टनवर चढवा आणि ती कड पिस्टनच्या आत जाणाऱ्या टोकापलीकडे ओढून ठेवा. पिस्टन बोअरसमोर धरून ती कड बोटांनी खाचेत सगळीकडून अडकवा, मगच पिस्टन ढकला. शेवटी बुटाची आतली कड पिस्टनच्या खाचेत आपोआप बसते. उलट क्रमाने करायला गेलात तर अर्धा तास झटापट होते आणि बूट फाटतो.

पिस्टन सरळ धरून अंगठ्यांच्या जोराने आत गेला पाहिजे. सी क्लॅम्प लागतोय असं वाटलं तर थांबा: सील वाकडं आहे, पिस्टन तिरका आहे किंवा खाचेत घाण आहे. बाहेर काढून पुन्हा बघा.

स्लाइड पिना पेपरने साफ करा, ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस पातळ थरात लावा, बूट नवे टाका. एका पिनेवर रबरी बुश असेल तर ती कुठल्या भोकातली होती ते खोलतानाच लिहून ठेवा. चेसिसचं ग्रीस इथे बुश फुगवतं. पॅडचे कान जिथे सरकतात तिथे ग्रीसचा नुसता हात फिरवा. पॅडच्या चेहऱ्याला आणि डिस्कला काही लागू नये. डिस्क स्पिरिटने पुसा आणि जाडी त्यावर कोरलेल्या किमान मापापेक्षा जास्त आहे ना, ते मोजा.

बसवताना निपल वरच्या बाजूला आहे हे नक्की करा. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला तर निपल खाली येतो, हवा वर अडकून राहते, आणि मग कितीही ऑइल ओतलं तरी पेडल स्पंजसारखंच. बँजोला दोन्ही बाजूंनी नवे तांब्याचे वॉशर. निपल ७ ते १० न्यूटन मीटरवर पुरे. बाकीच्या बोल्टचा टॉर्क तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या.

हवा काढणे

आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत मास्टर सिलिंडर उजवीकडे असतो. त्यामुळे नेहमीचा क्रम: डावं मागचं, उजवं मागचं, डावं पुढचं, उजवं पुढचं. तिरप्या जोडीचे सर्किट (एक पुढचं चाक आणि विरुद्ध बाजूचं मागचं चाक एका लाइनवर) असतील तर मॅन्युअलचा क्रम धरा. नळी निपलवर चढवून दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. आधी पुढचे निपल उघडे ठेवून दहा-पंधरा मिनिटं ऑइल आपसूक झिरपू द्या. रिकाम्या कॅलिपरमधली बरीचशी हवा एवढ्यानेच जाते. मग पेडलवर माणूस बसवा. तो दाबून "धरला" म्हणाला की निपल उघडा, बंद केल्यावर "सोड" म्हणा. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. मधूनमधून कॅलिपरवर लाकडी मुठीने टकटक करा. रिझर्व्हॉयर कधीही तळाला जाऊ देऊ नका, नाहीतर पहिल्यापासून सगळं.

जुन्या गाडीत पेडल फरशीपर्यंत दाबू नका. मास्टरचं सील रोज जिथवर जातं त्यापलीकडचा बोअर गंजलेला असतो आणि एकाच दाबात ते सील फाटू शकतं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की प्रश्न मिटतो. बॉडीवर ऑइल सांडलं तर पुसत बसू नका, भरपूर पाणी ओता. ऑइलने रंग सोलला जातो.

रस्त्यावर नेण्याआधी आणि नंतर

इंजिन चालू करून पेडल पूर्ण जोराने मिनिटभर धरा. ते हळूहळू खाली गेलं तर कुठेतरी गळतंय किंवा मास्टर दाब सोडतोय. टॉर्चने प्रत्येक बँजो, निपल आणि बूट पाहा. चाकं हाताने फिरवा. हँडब्रेक चालतो याची खात्री करा, मग गल्लीतच दहाच्या वेगाने दोन-तीनदा थांबून पाहा.

नवे पॅड डिस्कशी घासून जुळवून घ्यायला पहाटे रिंग रोडचा रिकामा पट्टा बरा. पन्नासच्या वेगावरून मध्यम जोराने दहापर्यंत उतरवा, पूर्ण थांबू नका, अर्धा किलोमीटर चालवून थंड होऊ द्या. असं आठ-दहा वेळा. गरम पॅड डिस्कवर दाबून गाडी उभी केली तर डिस्कवर ठसा उमटतो आणि पुढे पेडल थरथरतं. त्यानंतर पाच-सहा किलोमीटर शक्यतो ब्रेक न मारता चालवा आणि दोन्ही पुढच्या रिमच्या जवळ हात नेऊन ऊब ताडा, किंवा इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजा. एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम असेल तर ती बाजू पुन्हा उघडावी लागेल. चालवून चालवून मोकळं होईल या आशेवर राहू नका. दोन्ही सारखी निघाली, तर सेमिनरी हिल्सच्या उतारावर एकदा ब्रेक मारून गाडी सरळ थांबते का ते बघा.

शंभर किलोमीटर झाल्यावर चाकं काढून बूट, बँजो आणि पिनांचे बोल्ट परत तपासा. रिझर्व्हॉयरची पातळी तोवर खाली गेली असेल तर वरून ऑइल भरून पुढे जाऊ नका. पॅड इतक्यात एवढे झिजत नाहीत, त्यामुळे आधी गळती शोधा. चाकांपाशी काही सापडलं नाही तर मास्टर सिलिंडर आणि व्हॅक्यूम बूस्टरच्या (पेडलचा जोर वाढवणारा गोल डबा) सांध्यात पाहा. तिथली गळती बूस्टरमध्येच जिरते आणि जमिनीवर थेंब पडत नाही.